तेरवटची पाळी

कातळपेठ स्टेशनचा इतिहास टेम्पोतून आला. काळा ग्रॅनाइट, वर सोनेरी अक्षरं, चारही कोपऱ्यांना फुलं, आणि वजन एवढं की उतरवायला पाच माणसं लागली. अनिलच्या अंगणात भिंतीला टेकवून, खाली पेंढा घालून तो ठेवला आणि माणसं चहा प्यायला आत गेली. शेजारच्या अंगणात मैना कुळीथ पाखडत बसली होती. अनिलची ती सख्खी चुलती. तिने सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि इतिहास वाचायला गेली.

चौथीपर्यंतची शाळा, त्यामुळे ती बोट ठेवून वाचत असे. पण वाचलेलं विसरत नसे. ‘मुंबई मंडळाच्या अथक प्रयत्नांमुळे व प्रवाशांच्या उत्स्फूर्त आणि वाढत्या प्रतिसादामुळे सन १९९८ मध्ये येथील गाडीचा थांबा कायम झाला.’ खाली अकरा पुरुषांची नावं. त्यातले सात जण त्या साली गावात फक्त गणपतीला आले होते, तेही दीड दिवस. मैनाचं बोट ‘वाढत्या प्रतिसादा’पाशी अडलं. आधी तिला हसू आलं. हसू ओसरलं तसा राग आला आणि तो आठ दिवस उतरला नाही.

कारण तो वाढता प्रतिसाद म्हणजे ती स्वतः होती. ती, धोंडूबाई आणि आणखी सतरा जणी.

हे नीट सांगायला हवं, कारण दगडावर ते नाही. गाडी सुरू झाली तेव्हा कातळपेठला थांबा मिळाला तो सहा महिन्यांच्या बोलीवर. एक पत्र्याची शेड, एक खिडकी आणि खिडकीत कमिशनवर तिकिटं विकणारा रामा, तोही गावचाच. रोजची वीस तिकिटं गेली तर थांबा राहील, नाहीतर गाडी शिटी मारून पुढे जाईल, असा हिशेब. मे महिन्यात चाकरमानी आले, खिडकीवर रांग लागली. जून लागला, चाकरमानी मुंबईला परतले आणि गावात उरली म्हातारी माणसं, पोरं आणि बाया. लावणी सोडून ती कुठे जाणार? तिकिटं अकरा-बारावर आली. चाकरमान्यांच्या मुंबई मंडळाने तातडीची सभा घेतली, एक ठराव केला आणि पुढच्या सभेची तारीख ठरवली. रामाने मात्र शहाणपणा केला. तो धोंडूबाईकडे गेला.

धोंडूबाई पन्नाशीची विधवा. तिने शेतातून हाक मारली की पलीकडच्या वाडीतली गुरं मान वर करत. तिच्या नवऱ्याला डोलीत घालून हायवेपर्यंत नेताना तो वाटेतच गेला होता, त्यामुळे रत्नागिरीचं इस्पितळ चाळीस मिनिटांवर आणणारी ही गाडी तिला सोन्याहून मोलाची. रामाचं ऐकून घेऊन ती म्हणाली, “गाडीला माणसा पायजेत ना? मंग आमी काय ढोरा हाव?”

दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लागल्या. एकोणीस बाया, आज दहा, उद्या नऊ. सकाळच्या गाडीचं तिकीट काढायचं, पुढच्या तेरवट स्टेशनवर उतरायचं आणि परत फिरायचं. येणारी गाडी संध्याकाळची, आणि चिखलात लावणी खोळंबलेली. म्हणून परत यायचं ते पायी, तीन कोस, कातळावरून आणि पाण्याने भरलेले दोन वहाळ ओलांडून. दुपारी घरी पोहोचायचं, भाकरीचा तुकडा मोडायचा आणि शेतात वाकायचं. तिकिटाचे पैसे साठवलेल्या काजूबियांतून निघाले, नाहीतर कोंबड्यांतून. तेरवटच्या एका माणसाने एकदा विचारलं की बाई, रोज उतरता आणि चालू पडता, हे काय? धोंडूबाईने सांगितलं, देवीचं व्रत आहे. त्या माणसाने हात जोडले. हसून हसून बायांना रस्ता सुधरेना.

या फेरीला त्या तेरवटची पाळी म्हणत. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. वीसच्या खाली एकही दिवस गेला नाही.

पण एक बाई गेली. काशी, मैनाची धाकटी जाऊ, अनिलची आई. अनिल तेव्हा चार वर्षांचा. पाळी त्या दिवशी मैनाची होती. तिच्या लेकीला ताप भरला, तेव्हा काशी म्हणाली, तुम्ही घरात राहा, माझ्या पोराला बघा, मी जाते. परत येताना आभाळ फाटलं. बाकीच्या आठजणी वाटेतल्या देवळात थांबल्या. काशी थांबेना. पोराला मी दिसले नाही तर ते जेवत नाही, म्हणाली आणि पुढे झाली. दुसऱ्या वहाळावर दोन माडांच्या ओंडक्यांचा साकव होता. साकव गेला, काशीही गेली. तिसऱ्या दिवशी ती खाली खाडीच्या तोंडाशी सापडली.

आता पंचनामा होणार, ही बाई त्या वाटेवर काय करत होती असं विचारणार. खरं सांगावं तर पाळ्यांचा बोभाटा होणार, थांबा जाणार आणि काशीचा जीव फुकट गेला असं होणार. धोंडूबाईने सगळ्यांना वाघजाईच्या देवळात नेलं. देवीचा मानकरी दादू उभा होता. एकेकीने पायरीवर हात ठेवून शब्द दिला की पाळ्यांचं कुणा माणसाला सांगणार नाही. काशीचं माहेर तेरवटलाच होतं. म्हणून ठरलं की सांगायचं, माहेरी निघाली होती.

चूक झाली ती इथे. बाया चालण्यात हुशार होत्या, खोटं बोलण्यात नाही. भर आषाढात, लावणी टाकून, चार वर्षांचं पोर मागे ठेवून माहेरी निघालेल्या सुनेचा गाव काय अर्थ लावील, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. वर्षाच्या आत लोकांनी अर्थ लावला. भांडून निघाली होती. कायमचीच निघाली होती. मुंबईहून आलेल्या विठूने, तिच्या नवऱ्याने, तो अर्थ गिळला आणि पोराला घेऊन गेला. अनिल वाढला तो तोच अर्थ खात. सहा वर्षांपूर्वी बापाचे दिवस घालायला तो गावात आला आणि राहिला. ठेकेदारी केली, स्टेशन समितीचा अध्यक्ष झाला. घरात बापाचा हार घातलेला फोटो लावला. आईचा फोटो नाही. एकदा मैनाने विषय काढला, तर म्हणाला, टाकून गेलेल्या माणसाचं काय काढायचं, काकी.

आणि मैनाचं तोंड शिवलेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शब्द दिलेला देवीला, धोंडूबाई पाच वर्षांपूर्वी वारली तीही शब्द सोडवून न देता. इतकी वर्षं मैनाने स्वतःची समजूत घातली होती की लोक विसरतात, बोलणं विरतं. पण दगड कसा विरेल? तो उद्या स्टेशनच्या दारात उभा राहिला की शंभर वर्षं तेच सांगत बसणार, आणि काशी कायमची पळून गेलेली राहणार. हे मैनाला सोसवेना.

ती त्याच संध्याकाळी अनिलकडे गेली. आधी सरळच बोलली. पाळ्यांचं सांगून टाकलं तर शब्द मोडतो, म्हणून एवढंच म्हणाली की स्टेशनसाठी एकोणीस बाया राबल्या, त्यांची नावं दगडावर हवीत. अनिल हसला. बाया राबल्या म्हणजे काय केलं, ते तरी सांग म्हणाला. रामाने कधीतरी दारूत काहीबाही बडबडलेलं त्याच्या कानावर होतं. म्हणून पुढे म्हणाला की खोटे प्रवासी चढवून थांबा टिकवला असलं काही असेल तर ते झाकलेलंच बरं, उद्या पाहुण्यांसमोर आपलंच हसं होईल.

“खोटं काय रं त्यात?” मैना म्हणाली. “तिकीट खरं, गाडी खरी, पाय आमचं खरं.”

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. अनिलने कागद-पेन पुढे ओढलं. थोडी गंमत म्हणून आणि थोडं म्हातारीचं समाधान म्हणून. सांग नावं, म्हणाला. मैनाने सांगितली. धोंडूबाई, ती स्वतः, मग वरच्या वाडीतल्या, खालच्या वाडीतल्या, गेलेल्या आणि उरलेल्या. अठरा झाली.

“एकोणीस म्हणालीस ना? अठराच भरली.”

समोर बसलेल्या पोराचे डोळे थेट त्याच्या आईचे, आणि नाव मैनाच्या ओठांवर आलेलं. ते नाव घेतलं की पुढचा प्रश्न येणार, ती यात कशी, आणि त्याचं उत्तर पायरीवर गहाण पडलेलं. तिने ओठ घट्ट मिटले.

“बघ,” अनिल म्हणाला, “तुझं तुलाच आठवत नाही, आणि मी दगडावर काय कोरू?” त्याने कागद घडी करून पाकिटात घातला. दगड कोरून झालाय, रविवारी उद्घाटन आहे, पाहुणे येणार आहेत, तू पहिल्या रांगेत खुर्चीवर बस, असं सांगून तो उठला.

मैना घरी आली नाही, थेट दादूच्या पडवीत गेली. दादू आता पंचाहत्तरीचा. देवीपुढे गावाचं गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याच्या घराण्याचा. तिने त्याला सांगितलं की तुझ्यासमोर शब्द दिला, तुझ्याच तोंडाने सोडव. दादूने पान जुळवलं, चुना लावला, पुन्हा पुसला. शब्द सोडवायचा तर गावकी बोलवावी लागते, गावकी बोलवायची तर अमावास्या जावी लागते, आणि आता उद्घाटनाच्या तोंडावर कशाला. खरी गोष्ट अशी की दादूचा नातू अनिलच्या हाताखाली कामाला होता. देवीचा मानकरी झाला तरी पोट माणसाचंच.

“तू नको सोडवू,” मैना उठत म्हणाली. “मी बघतंय.”

ती बघणार म्हणजे काय करणार, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. रात्रभर कूस बदलली, दुसरा दिवस कुळथावर राग काढण्यात गेला. तिसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या बाईने सांगितलं की उद्घाटनाआधी स्टेशनच्या दारात दादू गाऱ्हाणं घालणार आहे, अनिलनेच सांगितलंय, पाहुण्यांना आपली कोकणी पद्धत दाखवायची, व्हिडिओ काढायचाय. मैना हातातलं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने ते खाली ठेवलं आणि पहिल्यांदा पोटभर जेवली.

रविवारी स्टेशन नटलं होतं. जुन्या शेडच्या जागी नवी कमान, कमानीवर झेंडूच्या माळा, बाजूला पडद्याने झाकलेला दगड. अनिल पांढऱ्या कपड्यांत, कपाळाला गंध लावून सगळीकडे. जिल्ह्याहून आलेले पाहुणे खुर्चीत बसून घड्याळ बघत होते, त्यांना पुढे लांज्यात आणखी एक फीत कापायची होती. त्या एकोणीसपैकी मैनाखेरीज उरलेल्या सातजणी पाठीमागे भिंतीला धरून उभ्या. मैना पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसली, सांगितल्याप्रमाणे.

गाऱ्हाण्याची रीत कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यासाठी सांगतो. मानकरी नारळ हातात धरून देवाशी उभ्याने बोलतो, गावाच्या वतीने, मोठ्या आवाजात. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरतात. देवी असली तरी म्हाराजाच. आणि एकदा सुरू झालेलं गाऱ्हाणं मध्येच कुणी तोडत नाही. तोडील त्याच्यावर दोष येतो. भले सरपंच असो, भले पाहुणा.

दादू माइकपाशी आला, नारळ उचलला, घसा साफ केला. मैना खुर्चीवरून उठली, चार पावलं चालली आणि त्याच्या हातातला नारळ काढून घेतला. ओढला नाही, काढून घेतला. दादूला एवढं अनपेक्षित होतं की त्याने सोडला.

“बायांनी गाऱ्हाणं घालायचं नसतंय गे,” तो कुजबुजला. माइक चालू असल्याने ते सगळ्यांनी ऐकलं.

“का? वाघजाय पुरुष हाय?” मैना म्हणाली. तेही सगळ्यांनी ऐकलं.

अनिल पुढे आला. काकी, असं काहीतरी तो म्हणत होता. पण तोवर तिने नारळ कपाळाला लावून सुरुवात केली होती, आणि अनिल कितीही शिकला तरी याच मातीतला. त्याचे पाय जागीच थबकले.

“आये वाघजाय, बारा वाड्यांचे आये, आज तुजी लेकरा तुज्यापुढं उभी हायत.”

सवयीने पन्नास तोंडं म्हणाली, व्हय म्हाराजा.

“तुज्या पायरीवर हात ठेवून आमी शब्द दिला, माणसांस्नी सांगणार नाय. तो शब्द मी मोडत नाय. मी माणसांस्नी सांगत नाय, तुला सांगतंय. माणसा ऐकतात, ते त्यांचं त्यांनी बघावं.”

या वेळी ‘व्हय म्हाराजा’ जरा दबकत आलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. मैना मात्र कुणाकडे बघत नव्हती. तिने वीस तिकिटांचं सांगितलं. पाळ्यांचं सांगितलं, तेरवट, तीन कोस, काजूबिया, सगळं. कोण चालली त्यांची नावं घेतली, एकेक नाव आणि थांबायची. पहिल्या दोन-तीन नावांना कुणी बोलेना. मग पाठीमागून एक पुरुषी, चिरका आवाज आला, व्हय म्हाराजा. रामा होता. काठीवर दोन्ही हात ठेवून उभा, आणि भर दिवसा चक्क शुद्धीत. तिकिटं त्याच्याच हाताने गेलेली, त्याच्याएवढा साक्षीदार दुसरा नव्हता. त्याच्यामागून भिंतीकडच्या सातजणींनी सूर धरला. मग बाकीचे. पाहुण्यांनी कुणालातरी काहीतरी विचारलं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

अठरा नावं झाली. मैनाने नारळ छातीशी धरला.

“एकोणिसावी काशी. पाळी माजी व्हती, गेली ती. माजी पोर तापली म्हणून गेली. आये, ती भांडून निघाली नव्हती. कुणाला टाकून निघाली नव्हती. आठजणी देवळात थांबल्या, ही थांबली नाय, पोर जेवला नसेल म्हणून. माहेरचं आमी खोटं सांगितलं. गाडी ऱ्हावी म्हणून सांगितलं, आणि तिची अब्रू घालवली. दोष हाय तर आमच्यावर टाक. माज्यावर पयला टाक. पर तिचं नाव तिला परत दे.”

एवढं बोलून तिने नारळ पुन्हा कपाळाला लावला.

‘व्हय म्हाराजा’ आलं ते असं आलं की रुळापलीकडच्या आंब्यावरचे कावळे उठले. ज्यांनी सत्तावीस वर्षं काशीच्या नावाने चघळलं होतं, तेही म्हणाले. त्यांना म्हणावंच लागलं. तरीही मैना नारळ ठेवीना. ज्याच्या घरचं गाऱ्हाणं, त्याचा होकार आल्याशिवाय ते पुरं होत नाही. ती वळली आणि सरळ अनिलकडे बघत उभी राहिली. पाहुणे घड्याळ बघत होते, व्हिडिओवाला चित्रण करत होता, आणि ती उभी. गरज पडली असती तर संध्याकाळच्या गाडीपर्यंत उभी राहिली असती.

अनिलचा चेहरा कोरा झाला होता. मग अध्यक्षाचा आवाज सोडून, कुठल्यातरी जुन्या आवाजात त्याने विचारलं, “म्हणजे ती जात नव्हती?”

“नाय रं बाळा,” मैना म्हणाली. “ती घराकडं येत व्हती.”

त्याने हात जोडले. ‘व्हय म्हाराजा’ म्हणताना त्याचा आवाज फुटला, आणि तो फुटू दिला त्याने, एवढ्या माणसांत. मैनाने नारळ कमानीच्या पायाशी ठेवला. भिंतीकडच्या बायांनी तिला येऊन धरलं, आणि त्यातली एक पहिल्यांदा मोठ्याने रडली.

पडदा कधी ओढायचा, असं पाहुण्यांच्या माणसाने विचारलं. अनिल माइकपाशी गेला आणि म्हणाला की दगडावर मजकूर चुकीचा आहे, आज पडदा ओढला जाणार नाही, साहेबांची गैरसोय झाली त्याबद्दल क्षमा असावी. पाहुणे तोंड वाकडं करून लांज्याला गेले. मंडळाच्या दोघातिघांनी त्याला बाजूला घेऊन समजवायचा प्रयत्न केला, की निवडणूक आहे, वडिलांचंही नाव आहे त्यात. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. नाही म्हणून हलवली.

मग त्याने पाकिटातला घडी केलेला कागद काढला आणि कमानीच्या पायरीवर बसला. रामा, दादू आणि त्या आठ बाया त्याच्याभोवती जमल्या. कुठली कुणाची सून, कुणाचं नाव कसं लिहायचं, यावर बायांची जुंपली, तेव्हा तो पुन्हा पुन्हा खोडून नीट लिहीत होता. पण सगळ्यांच्या वरची ओळ त्याने आधीच लिहून टाकली होती, आणि आईचं नाव कसं लिहायचं ते त्याला कुणाला विचारावं लागलं नव्हतं.